मायांचा बाजार आणि एक जळका दाणा

कोरांटी (रविवार, रात्री १०.२०)

मागे मिरचीच्या धाग्यावर "मिरची आपली की परकी" यावरून दीडशे प्रतिसादांची धुळवड झाली, आणि त्या भरात मी "मायांच्या बाजारावर वेगळं लिहीन" असं बोलून बसले. तिघांनी प्रेमाने आठवण केली, एकाने खवचटपणे. तेव्हा घ्या.

आधीच सांगते, मी संशोधक नाही. एम.ए.ला पुरातत्त्व होतं, दोन हंगाम उत्खननावर माती धुतली, मग पोटापाण्यासाठी बँकेत चिकटले. पण माती धुण्याची गोडी काही सुटली नाही. या विषयावर मिळेल ते वाचत असते.

माया (म्हणजे मध्य अमेरिकेतले प्राचीन लोक) म्हटलं की पिरॅमिड, पंचांग आणि २०१२च्या प्रलयाची बोंब, एवढंच डोळ्यांसमोर येतं. मला पडणारा प्रश्न फार साधा आहे. ग्वाटेमालाच्या जंगलातल्या तिकालसारख्या हजारो वस्तीच्या माया शहरात एखाद्या बाईच्या घरातलं मीठ संपलं, तर ती कुठे जायची? बराच काळ अभ्यासकांचं उत्तर होतं की कुठेच नाही. शेतकरी आपलं आपण पिकवून खायचा, आणि उरलेलं राजवाड्यात जमा होऊन तिथून वाटलं जायचं. बाजार मेक्सिकोतल्या अस्तेकांकडे, मायांकडे नाही. कारण काय, तर नाणी सापडली नाहीत, हिशेबाच्या पाट्या नाहीत आणि मोठाले चौक खणले तर रिकामे.

व्यापार मात्र दिसत होता, पण तो दगडाचा. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काळी काच. तिची पाती वस्तऱ्यासारखी चालतात, आणि रासायनिक तपासणीत ती कुठल्या डोंगरातली ते नेमकं कळतं. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या एल चायालची काच शेकडो किलोमीटर दूर सखल जंगलातल्या घरांत सापडते. त्यामुळे मायांच्या व्यापाराचा इतिहास बराच काळ काचेचा, जेडचा आणि रंगीत मडक्यांचाच राहिला. जे टिकलं तेच मोजलं गेलं. आता आपल्या आठवडी बाजारातून परत येणारी पिशवी डोळ्यांसमोर आणा. मेथी, मिरच्या, पावशेर शेंगदाणे, सुकट, पान-तंबाखू आणि एखादी नवी सुरी. हजार वर्षांनी त्यातली फक्त सुरी उरणार. मग कुणीतरी विद्वान लिहिणार की हे लोक बाजारात सुऱ्या घ्यायला जात!

तर ती मेथी शोधायची कशी?

उष्ण, दमट जंगलात वनस्पती कुजून जाते. उरतं ते बहुतेक जळालेलं. चुलीत सांडलेला दाणा पुरता जळून राख झाला तर गेला, पण कोळसा होऊन थांबला तर त्याला कीड लागत नाही की बुरशी. तो शोधायची पद्धत इतकी घरगुती आहे की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. मोठ्या टबात पाणी, त्यात बारीक जाळीची चाळण. चुलीजवळची माती मोजून आत सोडायची आणि हाताने हलकेच ढवळायची. माती खाली बसते, कोळसा वर येतो. वरचं काळं पाणी मलमलीतून गाळायचं, पुरचुंडी बांधायची, चिठ्ठी लावायची आणि सावलीत वाळत टाकायची. उन्हात टाकली की दाणे तडकतात. (माझ्या पहिल्या बारा पुरचुंड्या मी उन्हात टाकल्या होत्या. त्या दिवशी जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.) मग भिंगाखाली चिमट्याने एकेक कण वेगळा करायचा. दिवसभर मान मोडून हाती येतात सात दाणे आणि शंभर "ओळखता येत नाही".

जे जळत नाही त्याच्या मागावर दुसऱ्या वाटांनी जातात. गवतवर्गीय झाडांच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म खडे तयार होतात, पान कुजलं तरी ते मातीत राहतात. पाट्या-वरवंट्याच्या छिद्रांत पिठाचे स्टार्चकण अडकून बसतात. आणि मडकं पेयाचे रेणू पिऊन ठेवतं.

या सगळ्यात एक जागा मात्र लॉटरी लागल्यासारखी आहे. एल साल्वादोरमधलं होया दे सेरेन हे मायांच्या दक्षिण सीमेवरचं खेडं. सुमारे १४०० वर्षांपूर्वी जवळच्याच लोमा काल्देरा ज्वालामुखीने ते ४ ते ६ मीटर राखेखाली गाडलं. माणसं बहुधा निसटली, कारण सांगाडे नाहीत. बाकी सगळं जागच्या जागी. १९७६ साली धान्याची कोठारं बांधायला जमीन सपाट करत असताना बुलडोझरला हे गाव लागलं (धान्याच्या कोठारापायी!), आणि १९७८पासून पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत आले.

राखेत झाड कुजून गेलं, पण त्याच्या आकाराची पोकळी राहिली. तीत दाताचे डॉक्टर वापरतात ते प्लॅस्टर ओतायचं आणि घट्ट झाल्यावर राख काढायची. मक्याचं ताट उभं राहतं, कणसासकट. काही शेतांत ताटं मधोमध वाकवलेली आहेत, कणसं ताटावरच वाळावीत म्हणून. तिकडचे शेतकरी आजही तसंच करतात. भांड्यांत घेवड्याचे दाणे, आढ्याला टांगलेल्या मिरच्या. २००७मध्ये तर कसाव्याचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदाचे वाफेच सापडले, नुकतीच काढणी करून पुन्हा लावणी केलेले. कसाव्याची लागवड बियांनी होत नाही आणि जळून ओळखू येईल असं तो फारसं मागे ठेवत नाही. राख पडली नसती तर माया लोक कसाव्याचं पीक घेत हे इतक्या ठामपणे म्हणताच आलं नसतं.

बाजाराचा धागा इथे लागतो. एका घरामागे सत्तरेक घायपातांची बाग आहे. इतका वाख एका घराला लागत नाही, पाच घरांनाही लागत नाही. दुसऱ्या घरात पाटे-वरवंटे घडवायचं काम, तिसऱ्यात भोपळ्याची भांडी रंगवायचं. आणि अशा प्रत्येक घरात ऑब्सिडियनची पाती आहेत, मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून छपराच्या गवतात खोचून ठेवलेली. रंगीत भांडी आहेत, जी या गावात घडत नव्हती. शेतकऱ्याने आपल्याकडचं जास्तीचं देऊन ही सामग्री आणली असणार. शीट्स यांचं म्हणणं असं की आसपास एकाहून जास्त बाजार होते आणि कुठल्या बाजाराला जायचं हे घरातलेच ठरवत. ऑब्सिडियन मोजून सगळे थकले होते. पण त्या काचेची किंमत कशात चुकवली जात होती, हे त्या घायपातीच्या बागेने दाखवलं.

उरलेलं प्रतिसादांत. उद्या सकाळी सातची लोकल आहे.

पाटोळी (रविवार, रात्री ११.०५)

मस्त! छपरात खोचलेली पाती वाचून आजीचा विळा आठवला. तोही असाच वळचणीला असायचा.

एक बाळबोध प्रश्न. सेरेन ही लॉटरी झाली. पण साध्या उत्खननात मक्याचा जळका दाणा सापडला तर तो शेतातला की विकत आणलेला, हे कसं कळणार? दाण्यावर काय शिक्का असतो?

कोरांटी (सोमवार, सकाळी ७.४०, लोकलमधून)

दाण्यावर नसतो, दाण्याच्या सोबत्यांवर असतो. पिकवणाऱ्याच्या घरी अख्खं झाड येतं. पानं, ताटं, कणसाची बुरकुंडं, सगळं. विकत घेणाऱ्याच्या घरी बहुधा सोललेले दाणे. मक्याच्या पानातले सिलिकाचे खडे आणि बुरकुंडातले खडे वेगवेगळ्या आकाराचे असतात. म्हणून एखाद्या वाड्यात नुसते दाणे आणि शेजारच्या वस्तीत दाणे, बुरकुंड, पानं असं सगळं मिळालं, तर दाणे कुठून कुठे गेले याचा अंदाज बांधता येतो.

पण खोड अशी की बुरकुंड हे सरपण आहे. गरिबाच्या चुलीत ते जळतं, म्हणून टिकतं. श्रीमंताच्या चुलीत चांगलं लाकूड. मग फरक बाजाराचा की सरपणाचा? यावर भांडणं आहेत आणि ती रास्त आहेत.

तर्कट (सोमवार, सकाळी ११.१५)

छान लिहिलंय, पण मूळ मुद्द्यावर माझा आक्षेप आहे. समजा परक्या मुलखातलं झाड एखाद्या शहरात सापडलं. याचा अर्थ ते झाड हललं, बस. ते बाजारात हललं हे कुठे सिद्ध होतं? खंडणी असेल, आहेर असेल, लग्नात आलेलं असेल, राजाने खूश होऊन दिलेलं असेल. कोकणातल्या माझ्या आत्याकडून दरवर्षी आंब्याची पेटी येते. माझ्या डोंबिवलीच्या कचऱ्यात सापडलेल्या कोयींवरून कुणी "डोंबिवली-देवगड व्यापारी मार्ग" काढला तर?

सेरेनमध्येही तेच. घायपातीचा वाख सरदाराला कर म्हणून जात असेल आणि त्याने बदल्यात पाती वाटली असतील. तुम्ही "विकत" हा शब्द आधीच गृहीत धरलाय.

कोरांटी (सोमवार, रात्री ९.५०)

तर्कटराव, हा आक्षेप यायलाच हवा होता. आणि तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देते. बेलिझमध्ये शुनांतुनिच नावाचं ठिकाण आहे. तिथल्या कोळशात पाइन सापडतो, आणि पाइन वाढतो तो दूरच्या माउंटन पाइन रिज या डोंगरपट्ट्यात. पाइनच्या राळभरल्या ढलप्या भराभर पेटतात, धूर सुवासिक, म्हणून विधींना आणि गुहेतल्या मशालींना तोच हवा. डेव्हिड लेंट्झ आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये यावर लिहिलं तेव्हा त्यांचा कल "दरबाराच्या हाताने झालेलं वाटप" याकडेच होता. म्हणजे परकं लाकूड, पण बाजार नाही.

म्हणून एका पुराव्यावर कुणी बाजार म्हणत नाही. जागा लागते, माल लागतो आणि तो माल सगळ्यांच्या घरी पोचलेला दिसावा लागतो. वाटपात वरच्याला जास्त आणि खालच्याला कमी असा उतार दिसतो. बाजारात ज्याच्याकडे द्यायला काही आहे तो घेतो, त्यामुळे माल पसरतो.

जागेचं उदाहरण मेक्सिकोच्या युकातानमधल्या चुंचुक्मिल या माया शहराचं. पाऊस कमी, माती बोटभर, आणि वस्ती हजारोंची. ही माणसं आपल्या शेतावर जगूच शकली नसती. ब्रूस डालिन यांना तिथल्या एका मोकळ्या जागेत दगडांच्या ठेंगण्या ओळी दिसल्या, दुकानांच्या जोत्यांसारख्या. पण माल? चौक रोज झाडला जातो, तिथे दाणा राहत नाही. तेव्हा रिचर्ड टेरी आणि मंडळींनी मातीच तपासली. जिथे वर्षानुवर्षं फळं, भाज्या, शिजवलेलं अन्न सांडतं, तिथल्या मातीत फॉस्फरस मुरतो आणि झाडून जात नाही. त्यांनी ग्वाटेमालातल्या अँटिग्वाच्या चालू बाजाराची मातीही तपासली, दोन्हींची ठेवण पडताळली आणि २००७मध्ये निष्कर्ष मांडला की इथे अन्न विकलं जात होतं. भाजी दिसली नाही, भाजीचा डाग दिसला.

आणि तुमच्यासाठी राखून ठेवलेला पत्ता आता टाकते. मेक्सिकोतल्या कलाकमुल या माया शहरात २००४साली नंतरच्या बांधकामाच्या पोटात दडलेली एक पायऱ्यापायऱ्यांची इमारत सापडली, बाहेरून रंगवलेली. बहुधा सातव्या शतकातली. त्या चित्रांत राजा नाही, देव नाही, युद्ध नाही. एक जण कढईतून लापशी देतोय, दुसरा वाडगा तोंडाला लावून पितोय. निळ्या पारदर्शक वस्त्रातली एक बाई दुसरीच्या डोक्यावर घडा चढवतेय. आणि शेजारी लिपीत नावं: "आह् उल", "आह् इशीम", "आह् माह्य", "आह् आत्सआम". लापशीवाला, मकेवाला, तंबाखूवाला, मीठवाला. आपला "वाला" जसा शेवटी लागतो तसा त्यांचा "आह्" आधी लागतो. हे राजवाड्याचं वाटप असेल तर प्रत्येक मालाचा वेगळा "वाला" कशाला हवा होता?

तर्कट (सोमवार, रात्री १०.३०)

चित्राचा मुद्दा मान्य. अर्धा मान्य. सणाच्या दिवशी राजाने घातलेलं जेवणही असंच दिसेल. पंक्तीत वाढपी असतातच. आमटीवाला, भातवाला, ताकवाला.

पाटोळी (सोमवार, रात्री १०.३४)

तंबाखूवाला पंक्तीत? कुठल्या गावी जेवता हो?

राईनकाठ (मंगळवार, पहाटे ३.१०)

माझ्या घड्याळात सोमवारची रात्रच आहे, इथे बाझेलमध्ये. तिकालचं नाव वाचून राहवलं नाही. तिथल्या चौथ्या क्रमांकाच्या मंदिराच्या दारावरच्या लाकडी तुळया आमच्या शहरातल्या संग्रहालयात आहेत. १८७७च्या सुमारास गुस्टाफ बेर्नुली नावाच्या इथल्या माणसाने त्या काढून आणवल्या. (त्याला काय म्हणायचं ते प्रत्येकाने आपापलं ठरवावं.) मध्ये राजा, डोक्यावर नागाची कमान, भोवती लिपी. कोरीवकाम अजून इतकं धारदार की दगड वाटतो. पाटीवर लाकडाचं नाव होतं "सापोडिला". बायकोला म्हटलं, "अगं, हा चिकू!" तिला वाटलं मी थट्टा करतोय.

पावणेतेराशे वर्षं, तीही जंगलातल्या दमट हवेत, आणि चिकूचं लाकूड? यावर कुणी सांगेल का?

घोलवडचा (मंगळवार, सकाळी ६.२०)

मी सांगतो. आमची वाडी आहे, आजोबांनी लावलेली. वाळलेलं चिकूचं लाकूड करवतीला दाद देत नाही. एकदा वादळात पडलेलं झाड कापायला माणूस आणला, तर त्याने दुपारीच मजुरी वाढवून मागितली. तांबूस, वजनदार, वाळवी तोंड लावत नाही. आणि साल खरवडली की जो पांढरा चीक येतो तो हाताला चिकटला की रॉकेलशिवाय जात नाही. तिकडे त्याच चिकाचं च्युइंगगम करत असत. आमच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण झाडाचं माहेर तिकडचं हे आमच्याकडच्या पोरांना माहीत नसतं.

कोरांटी (मंगळवार, दुपारी १.३०)

वा! "सपोटा" हे नावही तिकडचंच, अस्तेकांच्या नाहुआत्ल भाषेतल्या "त्सापोत्ल"वरून आलेलं. आणि राईनकाठ, तुमच्या तुळयांची पुढची गोष्ट ऐका. लेंट्झ आणि हॉकडे यांनी तिकालच्या मंदिरांतल्या तुळया एकेक करून पाहिल्या. आधीच्या चिकूच्या, लांब आणि सरळ. मग ७४१ नंतरच्या बांधकामात एकदम वेगळंच झाड दिसतं, लॉगवूड. हे खाजणातलं, वेडंवाकडं, कोरायला त्रासदायक. पुढे काही दशकांनी चिकू परत येतो, पण तुळया बारीक. म्हणजे जवळचे जुने थोराड चिकू संपले होते. राजाचं मंदिर बांधायलासुद्धा चांगला चिकू दुरून विकत वा मागवून आणता आला नाही! बाजार असला तरी सगळं काही सगळीकडे जात नव्हतं. तुळई डोक्यावर किती कोस नेणार? बैल नाही, घोडा नाही, गाडी नाही. माणसाची पाठ आणि होडी, एवढीच वाहनं.

म्हणून हलकं आणि मोलाचं तेच लांब जाई. त्यात पहिला नंबर कोकोचा.

उखळमुसळ (मंगळवार, सायंकाळी ५.४५)

कोकोवर मला बोलू द्या, कारण चॉकलेट हा माझा (आणि माझ्या साखरेच्या गोळ्यांचा) विषय आहे.

कोकोच्या बिया हेच चलन होतं. मेक्सिकोतल्या त्लाश्कालाची १५४५ची एक दरयादी आहे. हे गाव मायांचं नव्हे, नाहुआत्ल बोलणाऱ्या नाहुआंचं, आणि काळ स्पॅनिश राजवटीचा. तरी मजा बघा: चांगली टर्कीची मादी १०० बिया, मोठा टोमॅटो एक बी, तामाल म्हणजे मक्याच्या पानात उकडलेला उंडा एक बी. नुकतं तोडलेलं ॲव्होकाडो तीन बिया आणि पिकून मऊ झालं की एक. संध्याकाळी भाजीवाला भाव पाडतो तसंच! आणि भरलेल्या बिया आणि सुरकुतलेल्या बिया यांचा दर वेगळा.

आता बनावट नोटा. साहागुन नावाच्या पाद्र्याने अस्तेकांकडची माहिती लिहून ठेवली त्यात लबाड कोकोवाल्याचं वर्णन आहे. राजगिऱ्याच्या जातीच्या पिठाचा गोळा, मेण, ॲव्होकाडोच्या कोयीचे तुकडे असं काहीबाही कोकोच्या टरफलात भरून खपवायचा. आमच्या वाण्याने धण्यात काड्या मिसळाव्यात तसं.

कोलंबसच्या मुलाने लिहिलंय की १५०२मध्ये होंडुरासच्या किनाऱ्याजवळ एक मोठी होडी भेटली. काही "बदाम" खाली सांडले तेव्हा होडीतली माणसं डोळा गळून पडल्यासारखी वाकून गोळा करायला लागली. ते बदाम म्हणजे कोको.

कोरांटी (मंगळवार, रात्री ९.१५)

उखळमुसळ, आणि कोकोचा माग मडक्यांत लागतो. ग्वाटेमालातल्या रिओ आसुल इथे १९८४मध्ये एका थडग्यात फिरकीच्या झाकणाचं मडकं मिळालं. आतल्या थराची तपासणी अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली आणि थिओब्रोमिन हे कोकोची खूण असलेलं रसायन सापडलं. माया लिपीचे अभ्यासक डेव्हिड स्टुअर्ट यांनी मडक्यावरची अक्षरं "काकाव" अशी वाचली होती. चिठ्ठी आणि माल जुळले! तंबाखूचंही तसंच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या एका चिमुकल्या कुपीवर "याच्या तंबाखूचं घर" अशा अर्थाची लिपी आहे, आणि २०१२मध्ये तिच्यात निकोटिन मिळालं. चंची म्हणा ना.

पण थडग्यातलं मडकं राजाचं. तर्कटराव विचारतील, गरिबाचं काय? बेलिझमधल्या एल पिलार परिसरातली ५४ खापरं तपासून अॅनाबेल फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये लिहिलं की कोकोच्या खुणा वाड्यांत आहेत तशाच साध्या घरांतही आहेत. उतार नाही, पसारा आहे. माझ्या लेखी हा बाजाराच्या बाजूचा फार चांगला पुरावा आहे.

तर्कट (मंगळवार, रात्री ११.००)

किंवा प्रत्येकाच्या परसात एक झाड. वाचलं बरं का मीही. युकातानच्या कोरड्या भागात कोको येऊच शकत नाही असं म्हणत, म्हणून तिथला कोको "आयात". मग लक्षात आलं की तिथे जमीन खचून झालेले खोलगट खड्डे आहेत, तळाशी ओल आणि सावली, आणि त्यांत कोकोची झाडं आहेत. टेरी यांच्याच चमूला तशा खड्ड्यांच्या मातीत कोकोचे रेणू मिळाले. म्हणजे "हे इथे उगवत नाही" हे वाक्यही जपून वापरावं.

कोरांटी (बुधवार, सकाळी ७.४५)

अगदी खरं. हा मुद्दा तुमचा, मी हात वर करते. कोकोची झाडं होती का आणि किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं पाहायला हवं. एल पिलारची तर हवाच ओलसर, तिथे कुणाच्या परसात झाड असूही शकेल.

स्टार्चबद्दलही एक सांगून ठेवते. एका पाहणीत असं निघालं की प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांच्या पावडरीत चक्क मक्याचा स्टार्च असतो. प्राचीन पाट्यावर मका सापडला म्हणून नाचायच्या आधी हातमोजे तपासा!

जुना_मुशाफिर (बुधवार, सकाळी ११.३०)

तर्कट आणि कोरांटीबाई जो वाद घालत आहेत, तोच आपल्या इनामगाव या प्राचीन वस्तीलाही लागू पडतो. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तिथे जळके जव मिळाले आणि पाच खोल्यांच्या सर्वांत मोठ्या घराशेजारी धान्याचं कोठार. उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांनी अर्थ लावला की गावप्रमुख धान्य कर म्हणून गोळा करून वाटत असे. म्हणजे तर्कट यांचा पक्ष. आणि दुसरं टोक इजिप्तमधल्या बेरेनिके या प्राचीन बंदरात: देवळाच्या आवारात पुरलेला भारतीय रांजण, त्यात साडेसात किलो काळी मिरी. सागवानही मिळालं तिथे. मिरी इजिप्तमध्ये उगवत नाही आणि तिथे कुणाची आत्या राहत नव्हती.

तर्कट (बुधवार, सकाळी ११.४१)

मिरी देवळात पुरली होती म्हणता. मग दान की माल? :)

वायंगण (शनिवार, रात्री ८.५०)

धागा खाली गेला असेल, पण मला प्रयोग केल्याशिवाय राहवलं नाही. कुडाळजवळ आमच्या घरी अजून बंब आहे. त्याची आणि चुलीची राख सासूबाई परसात एकाच खड्ड्यात टाकतात, गेली कित्येक वर्षं. त्यातली दोन बादल्या माती टबात घालून ढवळली, वरचं पाणी जुन्या ओढणीतून गाळलं, सावलीत वाळवलं (कोरांटी, बघा!). आज दुपारभर मुलाच्या भिंगाने पाहिलं.

मिळालं ते असं. नारळाच्या करवंटीचे तुकडे, मोजायचे सोडून दिले. काजूची टरफलं, जळून फुगलेली. आंब्याची अर्धी बाठ. सुपारीच्या सालीचे धागे. चिंचोके चार. रातांब्याच्या बिया तीन. आणि भात? आम्ही दोन वेळा भात खातो. एकसुद्धा दाणा नाही! शिजवलेला भात कशाला जळतोय म्हणा. बाजारातून आणतो त्या कांद्याचा, बटाट्याचा, कोबीचा मागमूस नाही. आमच्या राखेवरून कुणी सांगेल की हे कुटुंब नारळ आणि काजूवर जगतं.

पण एक वस्तू वेगळी निघाली. लांबट, मध्ये चर असलेली बी. खजूर! कुडाळात खजूर होत नाही.

पाटोळी (शनिवार, रात्री ९.०२)

झाला की व्यापार सिद्ध! कोरांटीताई, टाका शिक्का.

कोरांटी (शनिवार, रात्री ९.४०)

वायंगण, काय सुंदर काम केलंत! दोन बादल्यांत एवढी ओळख पटवणं सोपं नाही. ती बी डबीत चिठ्ठी घालून ठेवा. खजूर बाजारातून आणला होता का, कधी, ते सासूबाईंना विचाराल?

वायंगण (शनिवार, रात्री १०.१५)

विचारलं. म्हणाल्या, "आपण कधी गो खजूर विकत हाडलो?" पुतण्या दुबईहून आला होता तेव्हा डबा घेऊन आला होता.

तर्कट (शनिवार, रात्री १०.१७)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.